बुटक्या मोटारीची चाके

आमच्या दवाखान्याच्या मोटारीच्या पुढच्या टायरांत मी दर शुक्रवारी सकाळी काडेपेटीची काडी घालून बघत असे. टायरच्या नक्षीच्या खाचेत काडी टेकवायची, जिथवर ती आत जाते तिथे नखाने खूण करायची आणि काडी वहीत खळीने चिकटवायची. आतल्या कडेची एक, बाहेरच्या कडेची एक, दोन्ही चाकांच्या मिळून चार काड्या. लढाईमुळे काडेपेट्याही जपून वापरायच्या होत्या, म्हणून काड्या जळक्या घेई. रस्त्याने जाणारे थबकत. "बाई काय करत्यात?" असे कुणी विचारले की आमचा ड्रायव्हर गंभीर चेहऱ्याने सांगे, "टायरचा ताप बघत्यात."

ही लढाईच्या शेवटच्या वर्षांतली गोष्ट. सांगलीत एका डॉक्टरीणबाईंचा बायकांचा दवाखाना होता आणि त्याची व्यवस्था माझ्याकडे होती. औषधे, चादरी, धोबी, रॉकेल, मोटार, सगळे माझ्या वहीतून जाई. तेव्हा मी चाळिशीला आले होते आणि यादी केल्याशिवाय मला झोप लागत नसे. डॉक्टरीणबाई म्हणत, "तुम्ही देवाघरी जाताना बरोबर न्यायच्या सामानाची यादी आधी माझ्याकडून तपासून घ्याल." मी तीही केली असती, पण तिथे काय मिळते आणि काय मिळत नाही याची माहिती नव्हती.

दर गुरुवारी आम्ही कुंडलला जात असू. जायला पंचवीस मैल, यायला पंचवीस. तिथल्या एका ओसरीवर दिवसभर बायका तपासायच्या आणि ज्या अडलेल्या असतील त्यांना संध्याकाळी मोटारीतून सांगलीला आणायचे. मोटार अमेरिकन, लढाईच्या आधीची, दणकट आणि उंच. चढायची फळी गुडघ्याच्या वर येई. धडधाकट माणसाला त्याचे काही वाटत नसे. पण एकदा एका पहिलटकरणीला कळा सुरू झालेल्या, आणि तिला वर चढवायला तिचे दीर, चुलते असे चार बाप्ये काखेत हात घालून उभे. तिने एक पाय फळीवर टाकला, खाली घेतला आणि सरळ रस्त्याच्या कडेला बसली.

"मी न्हाई चढत," ती म्हणाली. "धान्याचं पोतं हाय का मी?"

आम्ही पाट ठेवून पाहिला, तो खडीवर डुगडुगला. मग बैलगाडी आणली. बैलगाडीत मागून सरकून बसता येते. दोन मैलांवर बैलगाडीतच तिला मुलगी झाली. आमची मोटार शेजारून पावलापावलाने रिकामी चालली होती. दोघी सुखरूप राहिल्या, पण डॉक्टरीणबाईंना ते फार लागले. घरी येताच त्या म्हणाल्या, "ही मोटार खाली आणा. कशी ते मला ठाऊक नाही."

खाली कशी आणायची हे आमच्या मिस्त्रीचाचांना ठाऊक होते. हळदीच्या वखारींच्या ओळीत शेवटचा गाळा त्यांचा. वय साठीच्या पुढे, पांढरी दाढी, बोलणे मऊ आणि हात लोखंडाचे. त्यांनी पुढच्या वेटोळ्या स्प्रिंगांचा एकेक वेढा कापला आणि मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगांतला एकेक पाटा काढला. मोटार चार बोटे खाली बसली. फळीही त्यांनी आणखी खाली घेतली. चार बोटे म्हणजे किती, ते नवव्या महिन्यातल्या बाईला विचारावे. पुढच्याच गुरुवारी दोन बायका कुणाचा हात न धरता आत जाऊन बसल्या.

गावात मात्र हसे झाले. मोटार फतकल मारून बसल्यासारखी दिसे, आणि पुढची चाके वरच्या बाजूला आत झुकलेली. पोरांचे पाय वाकतात त्या रोगाचे नाव घेऊन डॉक्टरीणबाईंनी निदान केले, "मुडदूस." ड्रायव्हरला तो शब्द इतका आवडला की पेट्रोल भरताना विचारल्याशिवायच सांगू लागला, "आमच्या गाडीला मुडदूस हाय."

हसणे पुढे बंद पडले, कारण टायर झिजू लागले. पुढच्या दोन्ही टायरांची आतली कड पाहता पाहता गुळगुळीत झाली आणि एके दिवशी आतले कापड दिसू लागले. बाहेरची कड मात्र नव्यासारखी. टायर तेव्हा परवान्यावर मिळत. मी सहा वेळा कचेरीत जाऊन दुसरी जोडी मिळवली. परवाना देणाऱ्या साहेबांनी सही करताना वर न बघता सांगितले, "बाई, आता या वर्षात या दाराशी यायचं नाही."

त्या रात्री जेवताना डॉक्टरीणबाईंनी निकाल दिला. नव्या जोडीची आतली कड निम्मी झिजली की मोटार होती तशी उंच करायची. उंच मोटार निदान कुंडलला पोचेल. टायरच नसतील तर दवाखानाच बंद. मी विचारले, "आणि बायकांनी चढायचं कसं?" ताटातला भात त्यांनी तसाच ठेवला, ते मी पाहिले.

तेव्हापासून काड्या सुरू झाल्या. नव्या टायरची पहिली काडी चिकटवली आणि निम्म्यावर लाल शाईने रेघ मारली. त्या रेघेपर्यंत पोचायच्या आत काहीतरी सापडायला हवे होते.

पहिले काम मिस्त्रीचाचांकडे. गाडीबरोबर आलेले इंग्रजी पुस्तक माझ्याकडे होते. त्यातली चाकांची मापे मी मराठीत उतरवून नेली. मुख्य मापे दोन. पहिले झुकाव. चाकाच्या वरच्या कडेपाशी गवंड्याचा ओळंबा सोडायचा आणि दोरीपासून चाकाची वरची व खालची कड किती अंतरावर आहे ते पाहायचे. दुसरे माप पुढच्या दोन चाकांमधल्या अंतराचे. ते पुढच्या अंगाला एकदा घ्यायचे, मागच्या अंगाला एकदा. पुढे एक सूत कमी भरले पाहिजे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चालताना चाके जराशी बाहेर फाकतात, म्हणून उभ्या गाडीत ती पुढच्या टोकाला किंचित जवळ ठेवायची. चाचांकडे त्यासाठी सरकत्या टोकाची एक लाकडी काठी होती.

मागच्या अंगाचे माप घ्यायला चाचांना मोटारीखाली शिरावे लागे. तिथे आमच्याकडची रीत आडवी आली, पण तेव्हा ती आडवी आली आहे हे कुणालाच कळले नाही.

मोटारीखाली माणूस निजलेला असताना वर कुणी बसत नाही. त्याच्या अंगावर आपले पाय येतात. चाचांनी गोणपाट अंथरले की ड्रायव्हर न सांगता उतरे, मी उतरे, डॉक्टरीणबाई असल्या तर त्या आधी उतरत. चाचा म्हणत, "बसा ना बाईसाब, उन्हात कशाला?" त्या म्हणत, "तुम्ही खाली असताना? छे." औषधांच्या पेट्यासुद्धा ड्रायव्हर खाली काढून ठेवी. मग रिकाम्या मोटारीखाली चाचा शिरत आणि आतून आवाज येई, "एक सूत. बरोबर." मी वहीत लिही: एक सूत, बरोबर.

झुकाव मात्र पुस्तकापेक्षा पुष्कळ जास्त होता. चाकाची वरची कड चार सूत आत. सगळ्यांचे बोट तिकडेच गेले. "वाकडं चाक कडेवर चालणारच," चाचा म्हणाले. "वेढा कापला त्याचं हे फळ. बाई, झुकाव काढायचा तर गाडी वर घ्यावी लागेल. मला दुसरा रस्ता दिसत नाही." दिसतही तसेच होते. मी वहीत लिहिले, "कारण: झुकाव", आणि पुढे प्रश्नचिन्ह घातले. प्रश्नचिन्ह का घातले ते सांगता येणार नाही. सवय.

तीन गुरुवार झाले. आतल्या कडेची काडी दर शुक्रवारी आखूड. लाल रेघ जवळ येऊ लागली.

मधल्या एका आठवड्यात साताऱ्याहून कापूस आणि बँडेजच्या पेट्या आणायच्या होत्या. ड्रायव्हर एकटाच गेला आणि दुसऱ्या दिवशी परतला. हा गडी फौजेत लॉरी चालवायचा, गुडघा दुखावला म्हणून घरी आलेला. आल्या आल्या म्हणाला, "आक्का, गाडी काय गोड चालली म्हणून सांगू. कुंडलवरनं येताना चाकं कशी कुईकुई रडत्यात वळणावर? ह्या खेपंला एक अक्षर बोलली न्हाईत."

मी लगेच काडी घेऊन बाहेर गेले. आतली कड, उजवे चाक. आतली कड, डावे चाक. गेल्या शुक्रवारच्या काड्यांशी ताडून पाहिले. केसभरही फरक नव्हता.

मग मी ओट्यावर बसून वही उघडली. सातारा जाऊन येऊन दीडशे मैल. कुंडलच्या तीन खेपा म्हणजेही दीडशे मैल. तेवढ्याच मैलांत एकीकडे टायर झिजलेला, दुसरीकडे नाही. झुकाव दोन्हीकडे तोच होता, चाक काही साताऱ्याला जाताना सरळ झाले नव्हते. म्हणजे टायर खाणारा कुणी दुसराच होता. मी वहीत एकाखाली एक लिहिले: रस्ता, वेग, हवा, ऊन, माणसे. रस्ता दोन्हीकडे सारखाच वाईट. हवा मी स्वतः बघत असे. माणसांपाशी येऊन हात थांबला. साताऱ्याला एक माणूस आणि कापूस. कुंडलहून येताना ड्रायव्हर, डॉक्टरीणबाई, मी, दोन गरोदर बायका, त्यांच्याबरोबर एक सासू, पेट्या, आणि सासूने भेट म्हणून दिलेला भोपळा.

"चाचा कधी भरलेली गाडी मोजतात का रे?" मी ड्रायव्हरला विचारले.

"भरल्याली कशी मोजतील? ते खाली निजत्यात न्हवं? पाय येतील की अंगावर."

हे उत्तर देऊन तो माझ्याकडे बघू लागला आणि मी त्याच्याकडे.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन चाचांच्या गाळ्यात उभी. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि दाढीवर हात फिरवला. "बाई, वेढा कापल्यावर स्प्रिंग आधीच खाली आहे. वर वजन आलं की आणखी बसणार, आणि बसली की चाकं जोडणारे दांडे बाहेर रेटणार. मग चाकं पुढनं फाकली तर नवल नाही. पण किती फाकतात ते खाली जाऊन बघावं लागेल, आणि बाईसाब वर बसल्यात नि मी खाली, हे व्हायचं नाही. त्या बसणार नाहीत, मी शिरणार नाही."

"मग माणसांऐवजी दुसरं काहीतरी बसवू," मी म्हणाले. गाळ्याच्या दोन्ही अंगांना छतापर्यंत हळदीची पोती रचलेली होती.

आता नेमके वजन हवे. शेजारच्या वखारीचे शेट ओळखीचे, त्यांची सून आमच्याच दवाखान्यात बाळंत झाली होती. त्यांनी मोठा काटा मोकळा करून दिला. काट्यावरचा तोलार हळद तोलण्याच्या सवयीने सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असे वजन पुकारत असे. आधी ड्रायव्हर बसला, मग मी. माझे वजन पुकारले गेले तेव्हा समोरच्या दुकानातल्या माणसाने मान वर करून पाहिले. डॉक्टरीणबाई काट्यापाशी आल्या आणि थांबल्या.

"हळू सांगता येईल का?" त्यांनी विचारले.

"हळू सांगितलं की घेणाऱ्याला शंका येते बाईसाब," तोलार म्हणाला.

"मला कुणी घेत नाहीये."

मग त्याने ते वजन माझ्या कानात सांगितले. त्याच्या उभ्या जन्मात कानात सांगितलेले ते एकच वजन असावे. ते वहीत आहे, इथे लिहीत नाही. गरोदर बायकांचे आणि सासूचे वजन अंदाजाने धरले. भोपळा धरला नाही.

प्रत्येकाच्या वजनाचे पोते भरून बांधले आणि ज्याच्या त्याच्या जागी ठेवले. डॉक्टरीणबाईंचे मागे डावीकडे, माझे पुढे, सासूचे दोन्ही गरोदर बायकांच्या मध्ये. ड्रायव्हरने चाकामागच्या पोत्यावर स्वतःची टोपी घातली आणि त्याला कडक सलाम ठोकला. "हा ड्यूटीवर हाय. कुणी बोलू नका त्याच्याशी."

"वस्ताद, आता शिरा," तो पुढे म्हणाला. "हळदीला पाय नसत्यात."

चाचा हसले आणि गोणपाटावर आडवे झाले. बुटकी गाडी, त्यात भरलेली. पोट आत घेत घेत ते शिरले. मी चुलीपाशी दूध बघत उभी असावे तशी उभी होते. काठीचे टोक सरकल्याचा आवाज आला. मग पुन्हा एकदा सरकल्याचा.

"बाई, लिहा," शेवटी आतून आवाज आला. "दोन सूत. उलट."

उलट म्हणजे चाके पुढच्या टोकाला जवळ असायच्या ऐवजी दोन सूत फाकलेली. मी सासूचे आणि दोन्ही बायकांची अशी तीन पोती उतरवून पुन्हा माप घ्यायला लावले. अर्धे सूत उलट. सगळी पोती उतरवली. एक सूत, बरोबर. तेच आमचे जुने, शहाणे, बिनउपयोगाचे माप. मी ओट्यावर हिशेब मांडला: दोन सूत फाकलेले चाक मैलभर चालले की पंधरा हात आडवे फरफटत जाते. पंचवीस मैल, दर गुरुवारी. टायर बिचारा आणखी काय करणार होता.

झुकावाचे माप प्रत्येक वेळी थोडेफारच बदलले. तो दिसायला वाईट होता, म्हणून आम्ही सगळे त्याच्याकडे बघत बसलो. खरा खाणारा उघड्या डोळ्यांना दिसतच नव्हता.

चाचा बाहेर आले तेव्हा दाढी, कपाळ, बाह्या पिवळ्याधमक. पोत्यांतली हळद गाडीच्या तळाच्या फटींतून गळत होती.

"वस्ताद," ड्रायव्हर म्हणाला, "हळद लागली. आता लगीन लावल्याबिगर सुटका न्हाई."

"लाव रं," चाचा म्हणाले. "घरी जाऊन माझ्या नातवांच्या आजीला तूच सांग. मी दारात थांबतो."

मग पोती पुन्हा चढवली, आणि पोती आत असतानाच त्यांनी चाके जोडणारा दांडा फिरवून फिरवून माप जुळवले. भरलेल्या गाडीत चाके अगदी सरळ. तिघेच असलो तर दीड सूत आत, पुस्तकापेक्षा जरा जास्त, पण चालण्याजोगे. रिकाम्या गाडीत तीन सूत. हे शेवटचे माप मी तांबड्या शाईने लिहिले. चाचा म्हणाले, "बाई, आता ही गाडी रिकामी पळवायची नाही. आता रिकामी पळाली तर बाहेरची कड खाईल. झुकाव आहेच, थोडं तोही खाणार. त्याला अधूनमधून टायर उलटे करून घाला, आतली कड बाहेर."

मी त्याच दिवशी एक कागद लिहून मोटारीच्या आत लावला:

रिकामी नेऊ नये.
पुढे निदान एक, मागे निदान एक माणूस.
माणूस नसेल तर वाळूची पोती.
दर महिन्याला टायर उलटे.

पुढच्या शुक्रवारी काडी घातली तेव्हा डॉक्टरीणबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. काडी मागच्या काडीइतकीच होती. त्यापुढच्या शुक्रवारीही. तिसऱ्या शुक्रवारी आतल्या आणि बाहेरच्या, चारही काड्या सारख्याच मानाने किंचित आखूड झाल्या, जशा सभ्य टायरच्या व्हाव्यात. लाल रेघ अजून लांब होती. डॉक्टरीणबाईंनी ते पान हातात घेऊन पाहिले, मिटले आणि म्हणाल्या, "गुरुवारी दोन उशा जास्त घ्या. मोटार आहे तशीच राहणार."

त्या जोडीवर आमचे ते वर्ष निघाले आणि पुढल्याचे काही महिनेही.

वाळूची पोती मात्र आम्हाला फारशी लागली नाहीत. डॉक्टरीणबाई एखाद्या बाळंतिणीसाठी कुंडललाच राहिल्या की ड्रायव्हर आणि मी परतत असू, आणि मागे कुणी नसे. पहिल्यांदा असे झाले तेव्हा गावाबाहेर येताच ड्रायव्हरने गाडी उभी केली. डोक्यावर गाठोडे घेतलेली एक म्हातारी सांगलीच्या रस्त्याने चालली होती.

"आज्जे, बस मागं."

म्हातारीने आधी मोटारीकडे पाहिले, मग माझ्याकडे. "आवं, मला कशापायी बसवतायसा? मी काय आजारी न्हाई."

"तू न्हाईस. गाडी आजारी हाय," तो म्हणाला. "तिला वजन पाहिजे."

म्हातारीने फळीकडे पाहिले. पाय उचलला, सहज आत ठेवला आणि गाठोड्यासकट बसली. जरा वेळाने मागून आवाज आला, "लय बुटकी केलीय की गं गाडी. ब्येस झालं."

मी वहीत लिहिले: मागे एक.